लिफाफ्यावरचा नंबर जपून ठेवा

हल्ली आमच्या गावाकडे कोणी म्हातारं माणूस गेलं की लोक स्मशानातून परत यायच्या आत घरातल्या पोरांवर एक काम येऊन पडतं, फोटो शोधा. दहाव्याला पाटावर ठेवायला फोटो लागतो, पेपरात द्यायला लागतो, चौकातल्या श्रद्धांजलीच्या बॅनरला लागतो, आणि घरात सात-आठ मोबाईल, प्रत्येकात हजारो फोटो, पण एक कामाचा निघेल तर शपथ. एकात आजोबांच्या तोंडात केक कोंबलेला, एकात नातवाने त्यांना कुत्र्याचे कान लावलेले, एकात मस्त हसतायत पण अर्धा चेहरा सेल्फी काढणाऱ्या सुनेच्या खांद्यामागे. मग रात्री अकरा वाजता कोणाला तरी सुचतं, अरे आधार कार्ड आहे ना! आणि तो आधारचा फोटो, ज्यात माणूस जिवंत होता तेव्हाही कोणाला ओळखू आला नव्हता, तो फोटोशॉपवाल्याकडे जातो, तिथे त्याला करडा कोट चिकटवतात, मागे निळं आभाळ टाकतात आणि फ्रेम तयार. पाचोऱ्यात मी कितीतरी घरांत तोच एक कोट बघितलाय. आयुष्यभर धोतर आणि टोपी सोडून काही न घातलेले शेतकरी भिंतीवर मात्र कोटात.

माझ्या मामांचा पाचोऱ्यात फोटो स्टुडिओ होता म्हणून मला हे जास्त खुपतं. त्यांच्या काळात असं कोणी गेलं की घरचे लोक स्टुडिओत यायचे आणि एवढंच म्हणायचे, आप्पांचा फोटो लागेल. मामा रजिस्टर काढायचे. अमुक साली धाकट्या पोराचं लग्न झालं, त्यात आप्पा पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेले, निगेटिव्ह नंबर तमुक. पत्र्याच्या पेटीतून लिफाफा निघायचा, एनलार्जर म्हणजे फोटो मोठा करायच्या यंत्राखाली त्या ग्रुपमधला एकच चेहरा वर वर यायचा आणि संध्याकाळपर्यंत बारा बाय पंधराची कॉपी हातात. थोडी दाणेदार यायची, पण माणूस तोच, टोपीसकट.

आता हे वाचून तुम्हाला वाटेल की चालला हा पण, जुन्या रोलच्या आठवणी काढायला. तर तसं नाही भो. रोल गेल्याचं मामांनाच वाईट वाटत नाही. ऐंशी पार केलीय त्यांनी, आणि विषय काढला की बोटं पुढे करतात, फिल्म धुवायच्या डेव्हलपर नावाच्या केमिकलने नखं तपकिरी झाली ती शेवटपर्यंत उतरलीच नाहीत, चामडी फाटायची, मामी जेवायला वाढताना म्हणायची हायपोचा (फोटो पक्का करायच्या केमिकलचा) वास येतोय, पुन्हा हात धुवा. "सुटलो," म्हणतात. मी पण भाचा म्हणून सुट्ट्यांमध्ये तिथे राबलोय त्यामुळे मला त्या काळाचं फार काही कौतुक नाही. खटकतं ते वेगळंच. गावाचे चेहरे सांभाळायची जबाबदारी तेव्हा कोणावर तरी होती, पगार न घेता, नियम न करता, पण होती, आणि रोलबरोबर ती जबाबदारी कधी गेली ते कोणाच्या लक्षातच आलं नाही.

स्टुडिओ ब्लॅक अँड व्हाइटच्या जमान्यातला. उटीला सरकारी कारखाना होता, हिंदुस्तान फोटो फिल्म्स, १९६० ची कंपनी, त्यांचा 'इंदू' नावाचा माल यायचा, आणि घरोघरी हौशी लोकांकडे आग्फा क्लिक थ्री, १२० चा रोल, त्यात बारा फोटो. ते रोल धुवायला मामांकडे यायचे. धुवायचे म्हणजे काय, तर ब्लॅक अँड व्हाइट डेव्हलपरचं पुस्तकातलं तापमान २० अंश. वीस! आमच्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा ४५ च्या वर जातो, नळाचं पाणीच चहासारखं येतं, तिथे वीस अंश आणायचे कुठून? पाणी गरम झालं की फिल्मवरचं जिलेटिन फुगतं, मऊ पडतं, कडेने सुटायला लागतं. म्हणून बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात गुंडाळून लादी यायची, मोठ्या घमेल्यात बर्फ, त्यात डेव्हलपरचं भांडं. बरं, नुसतं थंड करून भागत नाही, डेव्हलपर थंड आणि पुढचं धुवायचं पाणी गरम असलं की त्या झटक्याने फिल्मला बारीक जाळी पडते आणि ती जाळी कशानेच जात नाही, नवरीच्या गालावर मगरीची कातडी. त्यामुळे मामा सगळं पाणी आदल्या रात्री माठांत भरून ठेवायचे आणि रोल धुवायला पहाटे तीनला उठायचे. पंखा बंद, कारण पंखा लावला की धूळ, आणि ओल्या फिल्मवर बसलेला धुळीचा कण कॉपीत पांढरा ठिपका होऊन येतो.

आणि खरी पंचाईत अशी की धंद्याचा सगळा सीझन याच दिवसांत. लग्नसराई उन्हाळ्यात, आखाजी उन्हाळ्यात. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगतो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्याकडे ती सासुरवाशिणींची दिवाळी असते, लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि त्या काळात दुपारी ऊन उतरलं की मैत्रिणी-मैत्रिणी मिळून स्टुडिओत यायच्या. पीजे गाडीने यायच्या, म्हणजे पाचोरा-जामनेर छोटी गाडी, आता बंद पडली ती, शेंदुर्णी-पहूरकडून माहेरवाशिणींनी भरून यायची. मागे रंगवलेल्या पडद्यावर काश्मीरचं तळं, पुढे चार पोरी घामाने डबडबलेल्या, आणि त्यातली एखादी हमखास म्हणायची, "भाऊ, फोटोमा गोरी दिसाले जोयजे बरं." मामा हो म्हणायचे आणि रात्री भिंग लावून, टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवर तिच्या चेहऱ्यावर हलकं हलकं गिरवायचे. निगेटिव्हवर शिसं चढलं तेवढा कॉपीत चेहरा उजळ येतो. हे आजच्या ब्युटी फिल्टरचंच काम, फक्त ते करणारा माणूस आपल्या ओळखीचा होता आणि कुठे थांबायचं ते त्याला कळायचं (सगळ्या फोटोवाल्यांना कळायचं असं नाही, समोरच्या स्टुडिओतून बाहेर पडलेल्या बायका सगळ्या बहिणी दिसायच्या).

पाण्याचं एक राहिलं. फोटोचा कागद हायपोतून काढला की भरपूर वाहत्या पाण्यात धुवावा लागतो, हायपो कागदात राहिला तर काही वर्षांनी फोटो पिवळा पडतो, डाग येतात. आता आमच्याकडे वाहतं पाणी! १९७२ च्या दुष्काळात लोक प्यायच्या पाण्यासाठी मैलभर फिरत होते तेव्हा मामांनी एकाच बादलीत पन्नास-पन्नास कॉप्या धुतल्या. ते अजून सांगतात की जुन्या अल्बममध्ये पिवळेपणा बघून ते पाऊस कसा झाला होता ते ओळखू शकतात, आणि एक-दोनदा मी तपासून बघितलंय, मागे तारीख होती, म्हातारा बरोबर निघाला.

मामांना केकी मूस यांचं फार होतं. पाचोऱ्याहून मुंबईकडे निघालं की थोड्या वेळात चाळीसगाव येतं, तिथे स्टेशनजवळच्याच बंगल्यात हा पारशी कलावंत कित्येक दशकं स्वतःला घरात कोंडून घेऊन राहिला आणि घरातल्या घरात टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून त्यातून अख्खी निसर्गदृश्यं उभी करून त्यांचे फोटो काढायचा, टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात तिला. १९८९ च्या डिसेंबरात गेले ते. लोक त्यांच्याबद्दल सांगतात ते प्रेयसीचं, ती कधीतरी रेल्वेने येईल म्हणून रोज गाडीच्या वेळेला वाट बघायचे वगैरे. मामांना त्या गोष्टीत काडीचा रस नाही. ते एवढंच म्हणतात, "चाळीसगावच्या उन्हात तो माणूस डार्करूम कशी चालवत होता ते कोणी विचारत नाही." बंगल्यात आता आर्ट गॅलरी आहे, बघून या, पण एप्रिलमध्ये जा म्हणजे मामांचा प्रश्न कळेल.

मग कलर आला. कोडॅकने कलर रोल धुवायची सी-४१ नावाची प्रोसेस १९७२ सालीच आणली होती पण आमच्यापर्यंत रंग पोचायला वेळ लागला, आणि आला तेव्हा मामांच्या हातातलं निम्मं काम गेलं, कारण कलर रोल डार्करूममध्ये माठातल्या पाण्याने धुवायची गोष्टच नव्हती. सुरुवातीला रोल मुंबईला जायचे, ओळखीचं कोणी गाडीने निघालं की त्याच्या पिशवीत, आणि आठ-दहा दिवसांनी कॉप्या, तोपर्यंत नवरी सासरी रुळलेली असायची. नंतर जळगावात लॅब झाल्या, पिवळा बोर्ड कोडॅकचा, हिरवा फुजीचा, निळा कोनिकाचा, आत काचेआड एसीत जपानी मशीन, बहुतेक नोरित्सूचं, आणि तासाभरात कॉपी. तेव्हापासून रोल घेऊन जळगावला जायचं काम माझ्याकडे आलं आणि मला ते फार आवडायचं, कारण एसी, आणि येताना भरीत-पुरी.

सी-४१ ला डेव्हलपरचं तापमान ३७.८ अंश लागतं आणि वेळ सव्वातीन मिनिटं, जगात कुठेही जा, तेवढंच. हे मी मामांना सांगितलं तर ते हसले, म्हणाले बघ, शेवटी आपल्या हवेला चालेल अशी प्रोसेस आली आणि आता ती करायला मुंबईचा माणूस एसी लावून बसलाय. एसी अर्थात लागायचाच, त्या सदतीसमध्ये अर्ध्या अंशाचा जरी फरक पडला तरी रंग हलतात. त्यात २००५ च्या आसपासचं ते भयंकर लोडशेडिंग आठवा. रोल मशीनच्या आत, डेव्हलपरच्या टाकीत, आणि लाईट गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत मिनिट-दोन मिनिटं फिल्म तिथेच बुडालेली, सव्वातीनची पाच झाली, कोणाच्या तरी साखरपुड्याचं वाटोळं. लॅबचा ऑपरेटर अंधारात हाताने रोलर फिरवून फिल्म पुढे ढकलायचा आणि तोंडाने वीजमंडळाचा उद्धार चालू असायचा.

या ऑपरेटरबद्दल कोणीच लिहीत नाही म्हणून मी लिहितो. कलर निगेटिव्ह तुम्ही उजेडात धरून बघितली असेल, नारिंगी दिसते, चेहरे निळे-हिरवे, केस पांढरे, आपल्याला त्यातून काही कळत नाही. तो नारिंगीपणा मुद्दाम ठेवलेला असतो, फिल्ममधल्या रंगांच्या खोटी त्याने भरून निघतात. तर हा पोरगा, बारावी नापास वगैरे, एका स्टुलावर बसून ती नारिंगी पट्टी एकेक फ्रेम पुढे सरकवत जायचा आणि प्रत्येक फ्रेमला चार बटणांवर बोटं चालवायचा, तीन रंगांची आणि एक फिक्कं-गडद करायचं. मशीन स्वतःही ठरवतं, पण मशीनला वाटतं की जगातला प्रत्येक फोटो सरासरी काढली तर करडा असतो. आता खान्देशातल्या लग्नातली हळद घ्या. नवरी पिवळी, करवल्या पिवळ्या, पाट पिवळा, मशीन म्हणतं अरे बापरे केवढा पिवळा, आणि तो कमी करायला निळा ओततं, की कॉपीत नवरी अशी येते की जणू विहिरीतून काढली. केळीच्या बागेत फोटो काढला की उलटं, सगळीकडे हिरवं म्हणून मशीन गुलाबी चढवणार आणि रावेरचा काळासावळा बागायतदार एकदम गुलाबी साहेब. हे सगळं तो पोरगा दुरुस्त करायचा. मी एकदा त्याला विचारलं, तुला कसं कळलं ही हळद आहे, निगेटिव्हमध्ये तर सगळं उलटं दिसतंय. तो मान वर न करता म्हणाला, "सगळे हसून राह्यले ना भो, लग्नात एवढे नाही हसत."

आमच्या बाजूच्या चार तालुक्यांची लग्नं, बारशी, सत्यनारायण, पुढाऱ्यांचे सत्कार सगळं त्याच्या डोळ्यांखालून गेलं. कोणाचा जावई कोण, कोणाच्या घरी फ्रिज आला, कोणत्या भावांचं पटत नाही (ग्रुप फोटोत दोन टोकांना उभे राहतात) हे त्याला लॅबमध्ये बसून माहीत.

आणि इथेच त्या जुन्या पद्धतीची काळी बाजू पण आहे. बाईचा फोटो, आणि तो धुतो परका पुरुष. 'दाखवायचा फोटो' हा तर स्टुडिओचा वेगळाच विभाग होता, ताईचाही मामांनीच काढला, साडी, हातात प्लॅस्टिकचं फूल, एका निगेटिव्हवरून दहा कॉप्या, त्या दहा गावांना फिरणार. स्थळ जमलं नाही की तिचे वडील तो फोटो परत मागून आणायचे, आणि काही बाप तर फोटो काढला की काउंटरवरच म्हणायचे, निगेटिव्ह आमच्याकडे द्या. मामा एक शब्द न बोलता द्यायचे, रजिस्टरमध्ये त्या नंबरसमोर 'दिली' असं लिहायचे. पण सगळेच असे नव्हते. जास्तीच्या कॉप्या काढून ठेवणारे, शोकेसमध्ये न विचारता पोरींचे फोटो लावणारे होतेच की. मोबाईल आल्यावर गावातल्या बायकांनी पहिल्यांदा स्वतःचे फोटो स्वतः काढले, आवडला नाही तर स्वतः पुसून टाकला, मधे कोणी मामा नाही आणि लॅबवाला नाही, हे मला फार मोठं वाटतं आणि त्याबद्दल रोलचे भक्त कधी बोलत नाहीत.

छत्तीसचा हिशोब पण तसाच. एका रोलमध्ये छत्तीस, नीट भरला तर सदतीस-अडतीस निघायचे, पहिली फ्रेम गणपतीवर मारायची म्हणजे शकुन झाला आणि फिल्म नीट ओढली जातेय का तेही कळलं. लग्नाला चार रोल ठरलेले. मग मांडवात शंभर लोक म्हणणार आमचा एक काढा ना, तर मामा कॅमेरा डोळ्याला लावायचे आणि नुसता फ्लॅश मारायचे. लखकन उजेड, लोक खूश, फिल्म जागची हलली नाही. मी बाजूला बॅग धरून उभा, मला माहीत असायचं कोणाला खरा फोटो मिळाला आणि कोणाला उजेड. नवरदेवाच्या मित्रांना बहुतेक उजेडच, ते ठीक, पण आचारी, वाजंत्री, मांडवात पाणी वाढणाऱ्या बायका, सालदार, यांनाही उजेडच. एक म्हातारी, नवरीची आत्येआजी असावी, लग्नानंतर महिनाभराने खास विचारायला आली होती, "मना फोटो कथा शे रे भाऊ?" मामांनी तिला तिथेच बसवलं आणि फुकट फोटो काढला. तो फोटो अजून पेटीत आहे, तिच्या घरी आहे का माहीत नाही.

डिजिटलची गंमत अशी की त्याचं बी कोडॅकच्याच घरात पडलं होतं, १९७५ साली त्यांच्या स्टीव्ह सॅसन नावाच्या इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. आमच्याकडे डिजिटल पोचलं २००४-०५ ला, जळगावहून कोणीतरी लग्नाच्या ऑर्डरला घेऊन आला आणि मांडवातच मागच्या स्क्रीनवर फोटो दाखवायला लागला, त्या दिवशी लोकांनी नवरा-नवरीपेक्षा त्याच्याभोवती जास्त गर्दी केली. आणि त्याला नुसता फ्लॅश मारायची गरज नव्हती.

सगळ्यांना वाटतं डिजिटल आलं आणि लॅब बसल्या. तसं झालं नाही, निदान लगेच नाही. उलट पहिली चार-पाच वर्षं लॅबची दिवाळी होती. नवीन मशीनं आली होती, ती कार्डावरची फाईल घेऊन लेझरने त्याच जुन्या जातीच्या कागदावर फोटो टाकायची आणि पुढे तेच केमिकल, म्हणजे निगेटिव्ह गेली तरी ओली कॉपी चालूच. लोक छत्तीसऐवजी तीनशे फोटो काढायला लागले आणि दीडशे छापायला लागले. मग करिझ्मा अल्बम आला, जाड पानांचा, बॅगेत घालून मिळणारा, ज्यात नवरी गुलाबाच्या फुलात आणि नवरदेव, ज्याने नाशिकच्या पुढे पाऊल ठेवलं नाही, तो स्वित्झर्लंडच्या बर्फात सफारी घालून उभा. पैसा होता त्यात.

बसलं ते रोलचं मशीन, आणि कसं बसलं ते बघण्यासारखं आहे. त्या टाकीतलं केमिकल ताजं राहतं ते रोल येत राहतात म्हणून, प्रत्येक रोलमागे मशीन थोडं नवीन केमिकल आत घेतं. रोज बरेच रोल आले तर टाकी ताजी. ते पाच झाले, दोन झाले, की डेव्हलपर नुसता पडून राहतो, हवा लागून खराब होतो, आमच्या हवेत तर पाणीही उडतं, आणि मग जो एक रोल येतो त्याचेही रंग वाईट निघतात. तो गिऱ्हाईक म्हणतो रोलमध्ये आता मजा नाही राहिली, तोही डिजिटल घेतो. म्हणजे हळूहळू कमी होत बंद पडलं असं नाही, एका पातळीखाली गेलं की धाडकन. आग्फाफोटोने २००५ मध्ये दिवाळं काढलं, कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये फोटोच्या धंद्यातून अंग काढून घेतलं, कोडॅक २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली, हे सगळं पेपरात आलं. जळगावातलं ते मशीन मात्र एका दुपारी टेम्पोत चढलं, किलोच्या भावाने. कॉपीही पुढे मोबाईलने खाल्ली. लॅबवाल्यांनी फ्लेक्स छापायची मशीनं घेतली, आता भाऊ-दादांचे वाढदिवस छापतात. आणि तो ऑपरेटर, हळद ओळखणारा, एका झेरॉक्सच्या दुकानात ऑनलाईन फॉर्म भरतो. परवा भेटला, पासपोर्ट फोटो प्रिंट करत होता, मी म्हटलं रंग जरा लाल आहेत रे, तर म्हणाला, "दहा रुपयात हेच येतं."

डिजिटल फोटो टिकत नाहीत असं म्हणणं चूक आहे, टिकवले तर निगेटिव्हपेक्षा चांगले टिकतात, कारण दुसरी प्रत पहिल्यासारखीच असते. भुसावळला ज्याची कबर आहे त्या रॉबर्ट गिलची गोष्ट घ्या. इंग्रज लष्करातला माणूस, १८४४ ला अजिंठ्याला पाठवला, तिथली भित्तिचित्रं तेलरंगात उतरवून काढायला. वर्षानुवर्षं त्या गुहांत बसून काढलेली ती चित्रं लंडनला गेली आणि १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळी जळाली. त्याने नंतर लेण्यांचे फोटोही काढले होते, ते उरले, कारण त्यांच्या प्रती निघाल्या होत्या, इथे-तिथे पोचल्या होत्या. तो १८७९ मध्ये भुसावळच्या वाटेवर गेला. तर प्रती काढून दोन-तीन ठिकाणी ठेवणं एवढंच काम असतं, आणि ते आज फुकट होतं, आणि तरी कोणी करत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं ते दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाईलमध्ये असेल. पूर्वी सगळ्यांना माहीत होतं कोणाकडे असेल. मोबाईल फुटला, नवीन घेतला, पासवर्ड आठवत नाही, आणि आजोबा आधार कार्डावर.

मामांच्या पेट्या आता आमच्या घरी माळ्यावर आहेत. मामीने त्या दोनदा भंगारात काढल्या होत्या. आता भंगारवालासुद्धा कसा जाणकार असतो बघा, आमच्या जळगावला चांदीचा व्यवहार मोठा, आणि फिल्ममध्ये चांदी असते हे या लोकांना पूर्वीपासून माहीत, स्टुडिओ चालू असताना वापरलेला हायपो कॅनमध्ये भरून न्यायला एकजण यायचाच, त्यातून चांदी काढायचा, मामांना साबणापुरते पैसे सुटायचे. तर या भंगारवाल्याने पेटी उघडली, एक लिफाफा काढला, निगेटिव्ह उन्हाकडे धरली. काळी-पांढरी असेल तर उजवीकडे, नारिंगी असेल तर परत पेटीत. कलरमध्ये प्रोसेस करतानाच चांदी सगळी धुऊन निघते, मागे फक्त रंग राहतात, त्याला त्या काय कामाच्या. काळ्या-पांढऱ्यांचा चेहरा मात्र चांदीचाच बनलेला असतो. म्हणजे त्याला हव्या होत्या नेमक्या त्याच ज्या नीट ठेवल्या तर सगळ्यात जास्त टिकतात. मी मधे पडलो, भाव वाढवून मिळतोय म्हणून मामीने थोडा वेळ घेतला, पण पेट्या राहिल्या.

माळा पत्र्याचा आहे, ते वाईट. उष्णतेने जुनी फिल्म कुजते, तिला आंबट वास सुटतो, व्हिनेगरसारखा, आणि एकीला लागलं की शेजारच्यांनाही लागतं. एका पेटीत तो वास यायला लागलाय, ती मी खाली आणून वेगळी ठेवलीय. मोबाईलच्या उजेडावर दुधी काच ठेवून, वरून दुसऱ्या कॅमेऱ्याने फोटो काढून, कॉम्प्युटरवर उलटं केलं की काळं-पांढरं चेहऱ्यात येतं, रविवारी जमेल तसं करतो. १२० चे बारा-बारावाले रोल बरेच झालेत, साधारण १९८५ पर्यंतचे. कलर सगळा बाकी आहे आणि त्यांचे रंग उडतायत, तर आधी ते घ्यावेत असं ऑपरेटर म्हणतो. तो यायला तयार आहे, फक्त त्याला फॉर्मच्या सीझननंतर वेळ आहे.

तर पाचोरा, भडगाव, शेंदुर्णी बाजूच्या कोणी हे वाचत असाल आणि घरात आई-आजीचा जुना फोटो असेल तर तो फ्रेममधून काढून मागे बघा. जांभळ्या शाईत नंबर असेल तर तो मामांचा, तो मला कळवा, रजिस्टर जागेवर आहे, निगेटिव्ह निघेल. नुसतं नाव आणि लग्नाचं साल सांगू नका, त्याच्यावरून सापडत नाही, त्या एका मे महिन्यातच ढीगभर पाटील आहेत. आणि नंबर निळ्या शाईत असेल तर तो समोरच्या स्टुडिओचा, त्यांचं मला विचारू नका, त्यांनी २००९ लाच सगळं भंगारवाल्याच्या उजवीकडच्या ढिगात घातलं.